बाळंतिणीच्या खोलीची हवा

“मडम म्हणली, हवा बदला. म्हंजे आजराच की! तिला दुसरी कुठली हवा हाय?”

आत्ती चुलीपुढून दादाला सांगत होती. मी मधल्या दाराआड उभी होते, हातात वैनीच्या पेजेचं भांडं. आत जावं की माघारी फिरावं, हे मला नेहमीसारखंच ठरवता येईना. आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्या हातात होतं. दादा माझा भाऊ, कोल्हापूर दरबारच्या एका कचेरीत कारकून. वैनी त्याची बायको, नुकती बाळंत झालेली.

“परवा गाडी सांगतो,” दादा म्हणाला. “पण पाऊस…”

“पाऊस काय आजच पडाय लागलाय? पोर माहेराला जाईल, हवा पालटंल, अंगाला लागंल. हितं आमी काय कमी केलं न्हाय, पर माहेर त्ये माहेर.”

वैनीचं माहेर आजऱ्याचं. पहिलं बाळंतपण तिकडेच व्हायचं होतं, पण त्या वर्षी नद्या लवकर भरल्या आणि ती आमच्याकडे राहिली. मुलगा झाला, घरात साखर वाटली. मग काही दिवसांनी तिचं डोकं दुखू लागलं. उठून बसली की भोवळ यायची. अन्नावरची वासना गेली. बाळही मलूल, दूध ओढता ओढता झोपून जायचं. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला, शेवटी दादानं मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण, ती मडम, आणली.

डॉक्टरीण आली तेव्हा हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन मी तिच्यामागे होते. खोलीत पाऊल टाकताच ती थबकली. खिडकीची दारं बंद, फटींत कापडाच्या पट्ट्या. आढ्याजवळच्या झरोक्यात गोणपाटाचा बोळा. बाजेखाली शेकाची शेगडी रात्रंदिवस पेटलेली, वर ओव्या-शेपाची धुरी. “इथे श्वास घ्यायला काही उरलंच नाही,” असं ती इंग्रजीत स्वतःशीच पुटपुटली. नाडी पाहिली, बाळाचे ओठ पाहिले. मग सोप्यात येऊन, हात खिडकीच्या दिशेला करून, तिनं आपल्या पुस्तकी मराठीत दादाला सांगितलं, “हवा फार खराब. हवा बदलली पाहिजे. आजच.”

“आज कशी बदलंल?” आत्ती म्हणाली. “आज अवस हाय.”

मडमला अवस म्हणजे अमावस्या हे कळलं नाही. तिनं मान हलवली. आत्तीनंही हलवली. दोघींचं एकमत झालं.

मडमला पुन्हा विचारावं असं नंतर कुणाला वाटलं नाही. ऐकलेलं सगळ्यांना कळलं होतं. “हवा बदलणं” म्हणजे गाव बदलणं, हे पोरासोरांनाही ठाऊक. खिडकीकडे केलेला हात तेवढा मी पाहिला होता, आणि ते पुटपुटणं मला एकटीलाच समजलं होतं.

मग बोलले का नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला घरात बोलायची सवय नव्हती. महाराजांच्या राज्यात मुलींनी शिकावं असं वारं नुकतं वाहू लागलं होतं, आणि आबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मी मराठी बोलले की मुली हसायच्या. घरी मी बोलले की आत्ती म्हणायची, “आली बघा मडमीणबाई! हिला त्या साळंची हवा लागलीया.” दोन्हीकडे हसू होण्यापेक्षा गप्प राहणं सोपं. गप्प माणसाला दिसतं मात्र पुष्कळ.

आमच्या शाळेतल्या बाई भूगोल शिकवताना फळ्यावर तीन शब्द लिहीत. एअर, वेदर आणि क्लायमेट. पहिला म्हणजे आपण श्वासात घेतो ते. दुसरा म्हणजे आज बाहेर काय आहे ते, ऊन की पाऊस. तिसरा म्हणजे एखाद्या मुलखाचा वर्षानुवर्षांचा स्वभाव. एकदा त्यांनी या तिन्हींना आमच्या भाषेत काय म्हणतात ते विचारलं. एकीनं सांगितलं हवा. दुसरीनंही हवाच सांगितलं. तिसऱ्या शब्दाच्या वेळी त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “हवा.” वर्ग हसला, बाईही हसल्या. आमची भाषा गरीब आहे असं मला वाटलं आणि कान तापले. पुढे पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की आपल्याकडे हवा खायला जातात, गुळाला हवा लागून तो पाझरतो, एखाद्या माणसाला गावची हवा मानवत नाही, एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, आणि यात कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा झाला तो आमच्याच घरात, एकदाच, आणि तो निस्तरायला तिथे मीच होते.

वैनीला आजऱ्याला पाठवायचं म्हणजे काय, हे मला आबांमुळे कळत होतं. आबा दरबारच्या पाणीखात्यात होते. पावसाळाभर त्यांचा मुक्काम कळंब्याच्या तलावावर असे, आताही ते तिकडेच होते. त्यांच्याकडे पाऊस मोजायचं एक नळकांडं होतं. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून पावसाचे आकडे त्यांच्याकडे येत. मी लहानपणी विचारलं होतं, एकाच ढगाचा पाऊस सगळीकडे सारखा का नाही? ते म्हणाले, “ढग समुद्रावरनं भरून येतो. सह्याद्री चढताना त्याला दम लागतो, तिथं तो वझं टाकतो. आजऱ्याला पाणी वततो, कोल्हापुरात हात धुतो, आणि तिकडं पूर्वेला वाडीला पोचेस्तवर नुसता नमस्कार करतो.” शाळेत हेच नकाशावर बाण काढून शिकवलं, तेव्हा मला वाटलं, बाईंना आबांची गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. त्या ओल्या मुलखात भात पिकतं, काजू होतो, माणसंही टुणटुणीत असतात; पण ती तिथल्या पावसात वाढलेली असतात. पूर आलेल्या तीन नद्या ओलांडून, थंडीतापाच्या दिवसांत, तान्हं मूल घेऊन तिथे पोचायचं ही निराळी गोष्ट.

पेज घेऊन मी शेवटी आत गेले, वैनीच्या खोलीत. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“जायचं म्हणं परवा,” मी म्हटलं.

“ऐकलं.” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “माहेराला जायाला कुणाला नको वाटतं, वन्सं? पर ह्या पाण्यात… वेदगंगंच्या उताराला नाव मिळती न मिळती. आनि ह्यो एवढासा गोळा.” तिनं बाळावरून हात फिरवला. “मी न्हाय म्हणलं तर म्हणतील, बया माहेराला जात न्हाय, काय भानगड हाय का.”

माझंही डोकं जड होऊ लागलं होतं. शाळेत बाईंनी जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला होता. ज्योत आधी पिवळी झाली, मग बारीक, मग विझली. पेल्यात हवा आहे, बाई म्हणाल्या, पण कामाची हवा संपली. हा प्रयोग पाहताना मुली टाळ्या वाजवत होत्या. मला ती विझणारी ज्योत बघवली नव्हती. त्यापेक्षा कळंब्याच्या तलावातलं शेवाळ मला आवडायचं. उन्हं वर आली की त्याच्या पानांना चांदीसारखे बुडबुडे धरत. मासे जो श्वास सोडतात तो ही पानं घेतात, आणि पानं सोडतात तो मासे घेतात, असं बाईंनी समजावलं होतं. पूर्वी एकदा काठच्या डबक्यातलं सगळं शेवाळ कुणीतरी घाण म्हणून उपसून टाकलं, तर दुसऱ्या सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तलाव म्हणजे उसन्या श्वासावर चालणारं मोठं खटलं आहे. आणि या खोलीत वैनी, बाळ आणि शेगडी अशी तिघं श्वास घेत होती. सोडलेला श्वास घ्यायला कुणीच नव्हतं. सगळ्यांत जास्त खात होती शेगडी.

हे आत्तीला कसं सांगायचं? वायू म्हटलं असतं तर तिनं ओव्याचा डबा काढला असता.

त्या संध्याकाळी मी प्रयत्न केला. आत्ती निवडण करत होती. मी म्हटलं, “आत्ती, वैनीच्या खोलीत थोडी हवा येऊ दिली तर…”

तिचं सूप थांबलं. “बाळंतिणीला वारं? काय खुळी हाईस का काय! बाळंतवारं झालं म्हंजे कोण निस्तरणार, तुजी मडम?”

तिचा आवाज चढला होता, पण त्यात रागापेक्षा भीती होती. माझ्या एका काकीचं बाळंतपणातच काही बरंवाईट झालं होतं, आणि ते वाऱ्यानं झालं असं आत्ती मानत असे. त्या खिडकीच्या फटींत एकेक पट्टी तिनं स्वतः बसवली होती. मी माघारी वळले. माझ्या तोंडून हवा गेली आणि तिच्या कानात वारं शिरलं, एवढंच त्या बोलण्याचं फळ.

दुसऱ्या दिवशी आत्ती माळ्यावरचे कांदे खालीवर करत होती. मी शिडीवर टोपली धरून उभी होते. “पसरून ठिव,” ती वरून ओरडली. “ढीग केलास तर कुजतील. कांद्याला हवा पायजे.”

“मग खिडकीपाशी ठेवू का?” मी विचारलं.

“आगं, हवा पायजे म्हणलं, वारं न्हवं! वाऱ्यात ठिवून सालपटं उडवतीस व्हय? हितं वरच्या अंगाला, झरोक्याखाली ठिव.”

मी टोपली हातात घेऊन तशीच उभी राहिले. शाळेत तीन शब्दांसाठी मला एकच सापडला होता. इथे आत्तीनं कांद्यांवरून त्याचे दोन करून दिले होते, आणि ते तिचे तिलाही कळले नव्हते. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि मोडत राहिले.

गाडी सांगितलेल्या दिवशी सकाळीच आली. गाडीवान चाचा आमच्या घरचे जुने. त्यांचे वडीलही आमची भाडी करत. बैलांवर पोती पांघरून ते सोप्याच्या कडेला उकिडवे बसले होते.

“इस पानी में आजरा?” ते दादाला म्हणाले. “साहेब, तिकडं आता बेडकालाबी सर्दी झाली आसंल.”

“डॉक्टरनं हवा बदलायला सांगितलीय,” दादा म्हणाला.

“बदलंल की. सुक्याची वल्ली हुईल.”

दादा हसला नाही. तो छत्री उघडून मिटून पाहत होता. त्यालाही जायचं नव्हतं हे मला दिसत होतं; पण मडमनं सांगितलं, आत्तीनं ठरवलं, आणि दोघींच्या मधे उभं राहायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

आत आत्ती वैनीची तयारी करत होती. पहाटेपासून ती त्या खोलीत होती. डोक्याला फडकं, कानात कापूस, बाळाला दुपट्यावर दुपटी. गाडीत वारं लागू नये म्हणून सगळं घट्ट. शेगडीत नवे कोळसे घातले होते, निघण्याआधी शेवटचा शेक. मी दारात बाळाची वाकळ घेऊन उभी होते. वैनी उठून बसली आणि लगेच बाजेची कड धरून खाली वाकली. आत्ती तिला सावरायला पुढे झाली, आणि तीच भिंतीला टेकली.

“आगं आई गं!” तिनं कपाळ धरलं. “डोस्कं फुटाय लागलं की माजं. समदं गरगराय लागलंय.” हात पुढे करत ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि सोप्यातून येणारा गारवा तोंड उघडून आत घेऊ लागली. तिच्या तोंडावर थोडा थोडा रंग परत येताना मी अगदी जवळून पाहत होते.

“बाहेर बरं वाटतंय का?” मी विचारलं.

“व्हय. जरा उतरलं.” मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. “काय बघतीस अशी डोळं फाडून? परवाधरनं तोंडात मूग धरून हिंडतीस. काय आसंल त्ये बोल की एकदाचं!”

सोप्यातून दादानं हाक मारली, बैल खोळंबलेत म्हणून. वैनीनं मान वर केली. मी वाकळ खाली ठेवली आणि शाळेचं नव्हे, घरचंच बोलले.

“आत्ती, मडमनं हीच हवा बदलाय सांगितली, ह्या खोलीची. आजऱ्याची न्हाय. खिडकी ऱ्हाऊ दे बंद. शेगडी तेवढी भाईर काढ, आन् वरच्या झरोक्याचा बोळा काढाय लाव दादाला. हवा येईल, आत्ती. वारं न्हाय यायचं.”