धुक्यातल्या बाईचा श्वास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही — बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी एक भीतीचा गेम बनवला. एकट्याने, नांदुऱ्यातल्या आमच्या घराच्या माडीवर, तीन वर्षं खपून. त्यात एक बंद पडलेली जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तुम्ही आत अडकलेले, काडेपेटीत मोजक्या काड्या, आणि सगळीकडे रुईचं, उडत्या कापसाचं धुकं. त्या धुक्यात एक बाई आहे. ती कधीच दिसत नाही, फक्त तिचा श्वास ऐकू येतो. जवळ आला की पळायचं, बस.

गेम चालला — म्हणजे आमच्या मानाने. मग मुलाखती सुरू झाल्या. हे वातावरण कुठून आलं? आणि मी सुटायचो. जुन्या परदेशी गेममध्ये धुकं का असायचं, तर त्या काळच्या यंत्रांना लांबचं काही रंगवणं झेपत नसे, म्हणून पुढचं सगळं पांढऱ्यात बुडवायचे. आणि जे दिसत नाही तेच माणसाला जास्त खातं. कोपऱ्यात टांगलेला, जागचा न हलणारा कॅमेरा त्यांच्याकडूनच घेतला. काड्यांचा तुटवडाही त्यांचाच. आणि श्वास? तो दोन-तीन यंत्रांचे आवाज एकावर एक चढवून केला, असं मी सांगायचो.

ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दिसतंय ना?

धुकं परदेशातून आलंच नव्हतं. माझी आत्या जिनिंगमध्ये कामाला होती. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचो. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून आत यायचं आणि रुई त्यात तरंगत राहायची, खाली पडायचंच विसरल्यासारखी. बायका त्यातून चालायच्या तेव्हा त्यांना पाय नसायचे. नाकातोंडाला पदर बांधलेला, नुसते डोळे. यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळं हातांनी चालायचं. मूठ दाखवली की कापूस टाक, उघडा पंजा दाखवला की थांब. पंजा दिसला की माणूस आहे तिथेच थांबायचा, का म्हणून विचारायचं नाही — तेवढ्यात एखादीचा हात यंत्राच्या पट्ट्यात जायचा. मला ते सगळं स्वप्नासारखं वाटायचं. अजून वाटतं. आत्याच्या छातीत मात्र ती रुई कायमची जाऊन बसली.

गेम बनवत होतो तेव्हा एका दुपारी आत्या माडीवर आली. मी माइक लावून बसलो होतो. महिनाभर श्वासाचा आवाज जमत नव्हता. जिना चढून तिला धाप लागली. ती खुर्चीत टेकली आणि तिचा श्वास सुरू झाला — आत जाताना शिट्टी, बाहेर येताना काहीतरी ओलं फाटल्यासारखं. मी हेडफोनमध्ये तो ऐकला आणि — कसं सांगू? — मला आनंद झाला. तिच्यासाठी दम्याच्या औषधाचा एक पंप मी टेबलावर ठेवलेला असायचा, माझ्या हाताशी. तिने त्यासाठी हात पुढे केला.

मी तिला पंजा दाखवला.

आणि ती थांबली. पुढे केलेला हात तिने मांडीवर ठेवला, माझ्याकडे बघत राहिली आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय. मला हे माहीत नव्हतं का? होतं. म्हणूनच तर दाखवला.

ती फाइल त्रेचाळीस सेकंदांची आहे. शेवटी शेवटी तिचे ओठ निळे पडायला लागले होते. ते मी पाहिलं, आणि परत आवाज नीट येतोय ना ते बघायला पडद्याकडे वळलो. मग पंप दिला. सावरल्यावर तिने एवढंच विचारलं, "मशीन चालू होती काय बापू?"

मी हो म्हणालो.

"मंग बराबर हाये," ती म्हणाली.

मागच्या महिन्यात तिने गेम ऐकायला मागितला. भाच्याचं नाव पेपरात आलं म्हणून ती गल्लीभर सांगत फिरत होती. मी तिच्या कानांवर हेडफोन लावले. डोळे मिटून ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे बाई कोन व्हय बापू? तिले कोनी दवा काऊन देत नाही?"

ओळखलं नाही तिने. स्वतःचा श्वास कोण ओळखतो? मी म्हणालो, बाई नाही आत्या, मशीनचा आवाज आहे तो. तिला ते फारसं पटलं नसावं, पण ती बरं म्हणाली आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

तो आवाज गेममधून काढायला पाच मिनिटं लागतील. मी काढलेला नाही.