दरीतली दुसरी हाक

लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना आम्ही दोघे माझ्या माहेरी निघालो होतो आणि घाटमाथ्यावरच मोटार थांबली. पुढे दरड कोसळली होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच पावसाळे झाले होते. नवा रस्ता कागदावर पूर्ण होता, डोंगरात अर्धा. बाकीचे उतारू त्याच मोटारीने बुलढाण्याला परतले. आमच्यापुढे पायवाट होती. माथ्यावरून ती धामणगाव बढेच्या अंगाला उतरते, आणि परकर सावरता येऊ लागल्यापासून मी तिच्यावरून चालत आले होते. माझे पती देऊळगाव राजाचे, सपाट शेतांच्या मुलखातले. ते शाळेत शिक्षक होते. रजा एकाच दिवसाची होती, आणि मनगटावर लग्नात मिळालेले घड्याळ होते.

दुपारचे चार वाजले असावेत. भिजलेल्या रोशा गवताचा तिखट-गोड वास पोटऱ्यांपर्यंत चढत होता. सागाच्या रुंद पानांवरून थेंब ओघळत आणि खालच्या पानावर टपकत. त्या आवाजाखेरीज डोंगर मुका होता. पाखरू नव्हते, किडा नव्हता. ही शांतता मला ठाऊक होती आणि म्हणूनच ती मला आवडली नाही.

वाट वळते तिथे उजवीकडे कडा उभा राहतो आणि डावीकडे दरी उघडते. वळणावर बसायला एक सपाट शिळा आहे. तिच्यावर एक म्हातारी घोंगडीची खोळ घेऊन बसली होती. तिच्या पाच-सहा शेळ्या एकमेकींच्या अंगात तोंडे खुपसून निमूट बसल्या होत्या.

"धुई चढून राह्यली," ती म्हणाली. "बसा घडीभर. बकऱ्या बी बसल्या, पाहा."

"बकऱ्यांना शाळेत वेळेवर हजर व्हायचं नसतं, आजी," हे हसून म्हणाले.

"त्याईले अक्कल राह्यते न, मास्तर."

मी दरीकडे पाहिले. धुक्याला आमच्याकडे धुईच म्हणतात, आणि त्या डोंगरात ते आकाशातून उतरत नाही. तळातून वर येते. झाडांचे शेंडे एकेक करून बुडत होते, जसे तापल्या भांड्यात दूध चढावे. त्यात हालचाल होती, आवाज नव्हता.

"थांबू या," मी म्हणाले. "पुढं वाट हातभर रुंद आहे."

"हातभर पुरते. एकेक पाऊल बघून टाकू."

"पाऊल दिसलं तर ना!"

"अंधार पडला तर काय दिसणार आहे? आत्ता निघालो तर उजेडात पोचू." त्यांनी घड्याळ पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"धुई तासाभरात उठते. माझ्या डोंगराचं मला कळत नाही का?"

"तुझ्या डोंगराला सगळ्या बाजूंनी तोंडं आहेत. धुई गिळते, दरी बोलते. इतकं शिकूनही तू हे मनातून काढलं नाहीस."

ते हसत बोलले, पण म्हातारीदेखत बोलले. मला ते झोंबले. सासरी जपून वापरलेली चार महिन्यांची शुद्ध भाषा क्षणात गळून पडली. "जायचं तं जा! मले नाही यायचं. तुमच्या घड्याळापायी मले मरायचं नाही."

छत्री उचलून ते म्हणाले, "वीस पावलं पुढं जाऊन बघतो. तोवर तू बकऱ्या राख."

धुईने त्यांना माझ्या डोळ्यांसमोर घेतले. पांढरा सदरा आणि पांढरे धोतर पांढऱ्यात आधी विरले; काळी छत्री तेवढी, कोणी न धरल्यासारखी, काही क्षण एकटी पुढे जात राहिली. मग तीही नाहीशी झाली. वहाणांचा चिखलातला चपचप आवाज मी मोजत होते. वीस झाली. पंचवीस झाली. मग मोजण्याजोगे काही उरले नाही.

पदर ओला होऊन मानेला चिकटला होता. मी हाक मारली, "अहो!"

आणि डावीकडून, जिथे माणूस उभे राहील अशी वीतभरही जागा नाही तिथून, एका बाईने हाक मारली, "अहो!"

तिच्या मागोमाग यांचा आवाज आला. "आलो, आलो!"

दरीपलीकडच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो हे मला लहानपणापासून माहीत होते. आम्ही मुली इथे उभ्या राहून दरीला वेडावत असू. पण तेव्हा ऊन असे, समोरचा कडा दिसे. आता कडा नव्हता. फक्त ती हाक होती, माझ्या हाकेइतकीच लांब, माझ्याच गळ्यातली. आणि वहाणांचा आवाज पुन्हा येऊ लागला तो डावीकडे सरकत होता.

"अहो, इकडे!"

"अहो, इकडे!" ती म्हणाली.

"येतोय ना!" हे म्हणाले. एक दगड सुटला. तो घरंगळत गेल्याचे ऐकू आले, मग ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने फार खाली तो कशावर तरी आपटला.

"थांबा!"

"थांबा!" ती म्हणाली.

ते थांबले. त्यांचा आवाज आता बदललेला होता. "कुठं आहेस तू? इथं माती सरकतेय. उभं राहवत नाही."

मी पुढे धावले तशी म्हातारीने माझा दंड पकडला. तिची बोटे थंड होती. "तू हालू नको. तू हालली तं त्याले धरायले काय राह्यलं? नाव घे त्याचं."

मला कळले नाही. कळले तेव्हा जीभ उचलेना. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते आईच्या, काकूच्या, साऱ्या आळीच्या मिटल्या ओठांतून माझ्यात उतरले होते. मी ते नाव एकदाच उच्चारले होते, सासरच्या उंबरठ्यावर, उखाण्यात लपवून. धुईला न भिणाऱ्या माणसाच्या शिकल्यासवरल्या बायकोला त्याच्याच नावाची भीती वाटत होती.

"घे न वो बाई," म्हातारी कानाशी म्हणाली. "'अहो' तं ते बी म्हनते. बापाच्या नावासगट घे. लंबं घे."

खाली पुन्हा माती सुटली.

मी डोळे मिटले आणि ओरडले. पाच अक्षरांचे त्यांचे नाव, त्याला जोडून सासऱ्यांचे, त्याला जोडून आडनाव, एका श्वासात. दरी गोंधळली. एवढे लांबलचक नाव तिला पेलले नाही; माझा आवाज संपेपर्यंत तिचा त्यातच मिसळला, आणि मागे उरली ती आडनावाची शेवटची दोन अक्षरे. मी पुन्हा ओरडले. पुन्हा तेवढीच दोन अक्षरे. एकीकडे सबंध माणूस, दुसरीकडे त्याचा तुकडा.

"कळलं," हे म्हणाले. "घेत राहा."

मी घेत राहिले. किती वेळा, ते ठाऊक नाही. घसा खरवडून निघाला, नावाला अर्थ उरला नाही, ते केवळ एक दोर झाले. मग धुईतून आधी एक हात आला. तो मनगटापर्यंत चिखलाने माखला होता आणि मुठीत सीताफळीचा पाला उपटून आला होता. छत्री नव्हती. घड्याळाच्या काचेत पाणी शिरले होते.

ते शिळेवर बसले. एका शेळीने त्यांच्या मुठीतला पाला हुंगला आणि तोंड फिरवले.

"सीताफळीले तोंड नाही लावत त्या," म्हातारी म्हणाली. "म्हनलं न, अक्कल राह्यते."

तासाभराने धुई उठली. वाटेच्या डाव्या अंगाला गवत आडवे पडले होते. एक पट्टा थेट दरीच्या ओठापर्यंत गेला होता, आणि तिथून दीड हात खाली, एका फांदीला, छत्री उलटी लटकत होती. तिच्यात थोडे पाणी साचले होते. ती आम्ही काढली नाही.

म्हातारीचा निरोप घेऊन आम्ही उतरलो. मी पुढे, ते माझ्या पावलावर पाऊल ठेवून मागे. जवारीची शेते दिसू लागली तेव्हा ते म्हणाले, "खरं सांगू? दोघींतली एक तू नाहीस, हे मला पहिल्या हाकेलाच कळलं होतं."

"मग तिकडं काऊन गेले?"

कणसांवरून वारा गेला.

"आवाज दोन्हीकडं तुझाच होता," ते म्हणाले. "पण तिकडच्या हाकेत राग नव्हता."

मागे वळून पाहावेसे वाटले, पाहिले नाही. पुढे ओढ्यात दगडांवर शेवाळ होते. मी पलीकडे पोचले आणि पाय जपून टाका म्हणून सांगायला तोंड उघडले. "अहो," म्हणाले, आणि पुढचे शब्द उच्चारण्याआधी मी क्षणभर थांबून ऐकले, ही हाक कोणाची आहे ते.