गेशेकाकूचे तळपाय

जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गच्या आमच्या माळावरून वाफेचं इंजिन गेलं, की मागोमाग रेल्वेफाटक सांभाळणारी गेशेकाकू काटक्यांचा झाडू घेऊन निघायची. इंजिनाच्या ठिणग्या हेदरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांत पडत, त्या ती झोडपून विझवायची. एकतीस वर्षं, प्रत्येक गाडीमागे.

शनिवारी शेवटचं वाफेचं इंजिन गेलं. मंगळवारी डिझेलची गाडी आली, तरी काकू निघालीच, नेहमीसारखी अनवाणी.

मी रूळ दुरुस्त करणारा. मला हसू आवरेना. "काकू, डिझेलची ठिणगी पडत नाही गं! घरी बसून मोजे विण."

"आधी तुझं तोंड शिवते," म्हणत ती पुढे गेली आणि वीस पावलांवर थबकली. तळपाय जमिनीवर दाबत म्हणाली, "इथे खण."

वर झुडूप छान फुललेलं, धुराचा मागमूस नाही. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी फावडं मारलं. वीतभर खाली कुजलेल्या मुळांची काळी माती लालभडक धुमसत होती. शनिवारची ठिणगी तीन दिवस मुळांखालून सरकत आली होती.

क्षितिजापर्यंत पसरलेला तो जांभळा बहर या म्हातारीच्या तळपायांनी राखला होता.

दुसऱ्या दिवशी डिझेलची गाडी गेली, तेव्हा काकूच्या मागे मी बूट हातात घेऊन चालत होतो.