काकूंच्या देवांपुढचा दिवा

आमच्या घरात ‘देवाशपथ’ म्हणायला बंदी होती. लहानपणी भावाशी भांडताना एकदा माझ्या तोंडून तो शब्द निघाला, तर बाबांनी पूजा अर्धी टाकून माझा कान पिरगाळला होता. “तुमच्या भांडणात साक्षीला यायला देव काय आपला गडी आहे?” बाबा रोज पहाटे आंघोळ करून तासभर पूजा करत, कपाळाला गंध लावत आणि मग मोहने गावातल्या कारखान्यात पाळीवर जात. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत त्यांच्याइतका देवभोळा माणूस दुसरा नव्हता.

मी मात्र कॉलेजात गेल्यापासून देव मानेनाशी झाले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्याला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते, चार पुस्तकं वाचली होती आणि ती बाबांना ऐकवल्याशिवाय मला घास जात नसे. धर्म माणसाला भित्रा करतो, असं मी ताटावर बसून सांगायची. बाबा म्हणायचे, “बरं. आमटी वाढू का?” याचा मला भयंकर राग यायचा.

शेजारच्या खोलीत काकू राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, पण मला त्यांनीच अर्धंअधिक वाढवलं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि एकुलती लेक नगरला दिली होती. त्या साली गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना खोलीची किल्ली बाबांच्या हातात दिली. “भाऊजी, माझे देव उपाशी ठेवू नका.” महिन्याभरात येते म्हणाल्या होत्या. पण बाळंतपणानंतर लेक अंथरुणाला खिळली, आणि काकू परत आल्या त्या थेट कोजागरीला. तोवर बाबांनी एक दिवस चुकवला नाही. पहाटे आपली पूजा उरकून ते शेजारचं कुलूप उघडायचे, काकूंच्या देवांना आंघोळ घालायचे, दिवा लावायचे, साखरेचा नैवेद्य दाखवायचे. पाळी दुपारची असली तरी वेळ बदलली नाही.

काकू आल्या त्याच आठवड्यात त्यांच्या हातात कल्याण कोर्टाचे कागद पडले. चाळमालकाने दावा लावला होता. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय खोली सलग सहा महिने बंद ठेवली, तर ती मालकाला परत मागता येत असे. चाळ पाडून मोठी इमारत उठवायची होती, त्यामुळे मालक एकेक खोली मोकळी करायच्या मागे होता. काकू घाबरल्या आणि वकिलाला सांगून बसल्या, की मी तर गणपतीतच परत आले. म्हणजे पाच महिनेच झाले. तसंच लेखी उत्तर गेलं, आणि साक्षीदार म्हणून नाव दिलं बाबांचं.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात काकू आमच्याकडे येऊन बसल्या.

“भाऊजी, कोणी विचारलं तर गणपतीत आले म्हणा. एवढंच.”

बाबा म्हणाले, “वहिनी, तुम्ही कोजागरीला आलात. दूध आटवायला पातेलं आमच्याकडूनच नेलंत.”

“मला माहीत नाही का? पण माझं छप्पर जाईल हो!”

काकू रडत उठून गेल्या. मग मी तोंड सोडलं. आजही त्याची मला लाज वाटते. मी, कायद्याची विद्यार्थिनी, बाबांना म्हणाले, “एका महिन्याचा तर प्रश्न आहे. कोण मोजायला बसलंय? तुमच्या देवाची एवढी भीती वाटते का तुम्हाला?”

“देवाला यात आणू नकोस,” बाबा म्हणाले. “दिवा मी लावलाय. कधीपर्यंत लावला ते मला ठाऊक आहे. देव असला काय नि नसला काय, ते बदलत नाही.”

मग ते म्हणाले, “मला दुसरीच काळजी आहे. तिथे देवाची शपथ घ्यायला लावतात ना? ती मी घेणार नाही.”

आई कपाळाला हात लावून बसली. पण याचं उत्तर मला येत होतं. शपथ नको असेल तर साक्षीदाराला नुसती प्रतिज्ञाही करता येते, कायद्यात तशी सोय आहे. ती सोय माझ्यासारख्यांसाठी, असं मी समजत होते. देव न मानणाऱ्यांसाठीची ती प्रतिज्ञेची ओळ मी एका देवभोळ्या माणसाला स्वयंपाकघरात उभं करून पाठ करून घेतली. बाबा ती आंघोळ करतानाही पुटपुटत होते.

कोर्टात माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. कारकुनाने “ईश्वराला स्मरून” म्हणून सुरुवात केली आणि बाबांनी हात वर केला.

“शपथ नको. प्रतिज्ञा करतो.”

कारकून त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघतच राहिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “देव मानत नाही का तुम्ही?”

“मानतो, साहेब. म्हणूनच.”

प्रतिज्ञा झाली. मालकाच्या वकिलाला तर आयतंच कोलीत मिळालं. उलटतपासणीत त्याने तेच धरलं. रोज पूजा करता, गंध लावता, आणि देवाची शपथ टाळता? खोटं बोलायचं ठरवून आलात, होय ना?

बाबा म्हणाले, “देवाची शपथ घेऊन खरं बोललो तर ते त्याच्या धाकाने बोललो असं होईल. मला माझ्या जबाबदारीवर बोलायचंय. विचारा.”

“मग सांगा, बाई परत कधी आल्या?”

मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मनातल्या मनात मी म्हणत होते, बाबा, गणपती म्हणा. फक्त गणपती म्हणा.

“कोजागरीला,” बाबा म्हणाले. “पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या. तोवर त्यांचे देव मी सांभाळले, रोज. मुलगी अंथरुणावर होती, आई येणार कशी? परत यायचं नसतं तर देव मागे ठेवून गेल्या असत्या का?”

वकील हसला. देव ठेवले म्हणजे माणूस राहतो, असं कायद्यात कुठे आहे, असं म्हणाला. न्यायाधीश मात्र खाली मान घालून लिहीत होते. काकू उठल्या आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेल्या.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर काकू बाबांशी बोलल्या नाहीत. संक्रांतीचा तिळगूळही माझ्या आईच्या हातावर ठेवून गेल्या. चाळीतले लोक बाबांना तोंडावर सांगायचे, अहो, एका शब्दाने काय बिघडलं असतं? बाबांची पूजा तेवढीच लांब चालायची. मला त्यांची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा, कारण काकूंची खोली जाणार अशी माझी खात्री होती.

निकाल काकूंच्या बाजूने लागला. खोली सहा महिन्यांहून जास्त बंद होती, पण मुलीचं आजारपण हे सबळ कारण होतं. काकू किती काळ नव्हत्या याबद्दल त्यांचं स्वतःचं म्हणणं कोर्टाने खोटं ठरवलं होतं. मग त्यांचं कारण तरी खरं कशावरून? तर बाबांवरून. जो साक्षीदार त्याला बोलावणाऱ्याच्या विरुद्धही खरं सांगतो, त्याचं बाकीचं म्हणणं मानायला हरकत नाही, अशा अर्थाचं निकालपत्रात लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरं झालं हो.”

पुढच्या उन्हाळ्यात काकू दहा दिवस नगरला निघाल्या. किल्ली घेऊन आमच्या दारात आल्या आणि बाबांसमोर धरली, मान खाली घालून. बाबांनी ती घेतली आणि सरळ माझ्या हातात दिली. त्यांची कंबर धरली होती.

“मी मानत नाही, बाबा.”

“मानायला कोण सांगतंय? दिवा लावायचा आहे. आणि नाही लावलास तर नाही लावला म्हणून सांगायचं.”

नऊ दिवस मी लावला. देवांना आंघोळ घालताना काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. गुरुवारी ठाण्याला सकाळचा पेपर होता, त्या धांदलीत राहून गेला. काकू परत आल्या तेव्हा समई लख्ख होती, देव स्वच्छ होते. कोणालाही कळलं नसतं.

“काकू, गुरुवारी दिवा राहिला.”

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“बापाचीच आहेस गं,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “भाऊजी, चहा टाकतेय, या!”