साहेबाचं आसव

लढाईची शेवटची वर्षं होती. कोल्हारला कालव्याच्या पाण्याबरोबर डासही आले, आणि आमच्या घरात त्यांना मीच तेवढी आवडले. पावसाळाभर हिवताप. क्विनाइन गिळून गिळून कानांत भुंगे बसले, केस मूठमूठ गळाले, आरशात बघितलं की वाटायचं, ही कोण बया? ताप गेला तरी उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येई. शेवटी वडील मला नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर पलटणीत नोकरी करून आलेले. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रोज जेवणाआधी दोन चमचे पोर्ट वाइन."

माझे वडील म्हणजे गावचे भिक्षुक. ते खुर्चीतून ताडकन उठले. "अहो डॉक्टर, दारू?"

"दवादारूतली दारू म्हणा," डॉक्टर हसत म्हणाले. "द्राक्षांचा रस आंबवला की वाइन होते. ती पुरती आंबायच्या आतच तिच्यात ब्रँडी ओततात. मग आंबणं थांबतं, द्राक्षांची गोडी तशीच राहते आणि जोर वाढतो. तुमचे वैद्य द्राक्षासव देतात ना? त्याचीच ही थोरली बहीण समजा."

द्राक्षासव म्हटल्याबरोबर वडील पुन्हा बसले. आयुर्वेदात नातं निघालं म्हटल्यावर त्यांची हरकत संपली. घरी येऊन आईच्या हातात बाटली देताना म्हणाले, "घाबरू नकोस, साहेबाचं आसव आहे."

"आसव असो नाहीतर अरिष्ट," आई म्हणाली, "माझ्या चुलीपाशी नको मेलं."

पुढची अडचण चमच्याची. आमच्या घरात चमचा नव्हताच! हातानं जेवायचं, डावानं वाढायचं. मापाची म्हणावी अशी एकच वस्तू, पूजेची पळी. मग आईनं एक जुनं तांब्याचं पंचपात्र आणि पळी माझ्या औषधाला काढून दिली.

पहिली पळी मी डोळे मिटून, नाक दाबून घेतली. अगंबाई! काढा नव्हता तो. आधी गोड, मग जिभेला जांभळासारखं तुरट, आणि मग छातीत कुणीतरी शेगडी पेटवल्यासारखी ऊब. दुसऱ्या पळीनंतर मला भिंतीवरच्या पालीचंही कौतुक वाटायला लागलं. जेवताना मी इतकी बडबडले, की वडील आईला म्हणाले, "गुण येतोय हो." महिन्याभरात गालांवर रंग आला. औषधाच्या वेळेची वाट बघणारी त्या घरात मी पहिलीच असेन.

तेवढ्यात शेवगावचं स्थळ आलं. मुलगा नगरच्या कँपात, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कोठारात कारकून. त्याचे वडील कोर्टातून निवृत्त झालेले, आणि त्यांनी म्हणे मुली नाकारायचा सपाटाच लावला होता. त्याआधी पारनेरचं एक स्थळ "तापाची मुलगी" म्हणून परत गेलं होतं. त्यामुळे आईनं मला बजावलं, "तापाचं अवाक्षर काढशील तर बघ." मी म्हटलं बरं. मला कुठं लग्नाची घाई होती?

पण मुलगा दारातून आत आला, चौकटीवर डोकं आपटलं, आणि घाईघाईनं चौकटीलाच "माफ करा" म्हणाला. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होते. झालं! एवढं एक वाक्य, आणि मी कामातून गेले. हाच हवा, दुसरा नको, असं मला इतकं लख्ख वाटलं की हातातली वाटी पडली.

पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर बाटली नको म्हणून आईनं सकाळीच उरलेली सगळी वाइन त्या पंचपात्रात ओतली होती, वर झाकण घातलं होतं आणि ते देवघराच्या कोनाड्यात ठेवलं होतं. भिक्षुकाच्या घरात पंचपात्र लपवायला देवघराइतकी बरी जागा कुठली? आणि वडिलांना हे सांगायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

वडिलांची पूजा आटोपली. सोवळ्यात ते चष्मा लावत नसत. हाताला लागलं ते पंचपात्र घेतलं, तुळशीचं पान टाकलं आणि थेट पाहुण्यांपुढं आले. "तीर्थ घ्या."

आई पोळी लाटता लाटता दगड झाली. गंधकुंकवानं तीर्थ तसं लालसर असतंच, पण एवढं? भावी सासऱ्यांनी भक्तिभावानं तळहात पुढं केला. तीर्थ तीनदा घ्यायचं, आणि तोंडात गेलेलं तीर्थ थुंकायची कुणाची छाती आहे? त्यांनी तिन्ही पळ्या गिळल्या, हात डोक्यावरून फिरवला आणि भुवया वर गेल्या. मुलानं पहिली पळी घेतली, हुंगली, आणि सरळ दाराआड माझ्याकडे बघितलं. मग अगदी साळसूदपणे हात पुन्हा पुढं केला. मदतीला आलेली शेजारची पाटलीणकाकू जिभल्या चाटत म्हणाली, "लई ग्वाड हाय की वो तीर्थ!"

तीर्थ उरलं तर टाकायचं नसतं. वडिलांनी आणि सासऱ्यांनी ते आपसात संपवलं, एकमेकांना आग्रह करकरून, तेही उपाशीपोटी! थोड्याच वेळात दोघं मांडीला मांडी लावून बसले. वडील भलत्याच, अनुष्टुभाच्या चालीवर मंगलाष्टकं म्हणायला लागले. सासरे प्रत्येक ओळीला "वाहवा" म्हणत होते, आणि मी चहाचं तबक घेऊन बाहेर आले तर माझ्याकडे न बघताच गरजले, "मुलगी पसंत! याद्या करा!"

आईनं देवाला हात जोडले. मी आनंदानं नाचायला हवं होतं, नाही का? पण ही पसंती माझी नव्हती, बाटलीची होती. उद्या शेवगावला उतरल्यावर उतरेल, आणि मग? शिवाय लग्नानंतर कधीतरी कळलं असतं, तर जन्मभर तोंड लपवायचं. आई डोळे वटारत होती तरी मी बोलले, "ते तीर्थ नव्हतं. माझं औषध होतं. पोर्ट वाइन. मला हिवताप झाला होता, पावसाळाभर."

वडिलांनी पंचपात्र डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"मला पहिल्याच पळीला कळलं होतं," मुलगा म्हणाला.

"तुला कसं कळलं रे?" त्याच्या वडिलांचा आवाज चढला. कोर्टात चढत असेल तसा.

मुलाचे कान लाल. "कोठारात बाटल्यांची खोकी येतात. फुटतात एखाद्या वेळेस. शेरी वाइन असेल तर सुक्या अक्रोडासारखा वास येतो, ही पोर्ट गोड. साधी वाइन उघडी ठेवली की बिघडते, हिच्यात ब्रँडी असते म्हणून टिकते..." आणि आपण किती बोललो हे लक्षात येऊन तो गप्प झाला.

मी जमिनीकडे बघत उभी. मग म्हातारे माझ्या वडिलांना म्हणाले, "गुरुजी, प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"घ्यावंच लागेल," वडील रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मग ते लग्नाच्या होमातच उरकू. तेवढ्यासाठी वेगळा होम कशाला पेटवायचा?" आणि माझ्याकडे वळून, आता अगदी शुद्धीवरच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "ताप आता पुन्हा येत नाही ना, बाळ?"

त्या दिवसापर्यंत मला बघायला आलेल्या माणसांपैकी कुणीही हे विचारलं नव्हतं. मी तबक तिथंच खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.