कशी ठोकली?

चिखलीतले आमचे डेंटिंगवाले चाचा गाडीला लगेच हातोडी लावत नाहीत. आधी पोचा बोटांनी चाचपतात आणि विचारतात, "कशी ठोकली? खरं सांगा, भाऊ. मार कुठून बसला ते कळल्याशिवाय पत्रा सरळ होत नाही." मी दरवेळी रिक्षावाल्यावर ढकलतो आणि ते दरवेळी हसतात.

परवा हसले नाहीत. त्यांची मुलगी चहा ठेवून शेडमागच्या घरात गेली. तिचं नाक एका अंगाला वाकडं आहे. ऑपरेशन करावं असं तिच्या फार मनात होतं, म्हणून चाचा मौलानांना विचारून आले होते.

"नुसतं सुंदर दिसायला नको म्हणाले, अल्लानं घडवलेलं बदलू नये. पण मार लागून वाकडं झालं असेल तर तो इलाज, तो जायज. मग विचारलं, जन्मापासूनच असं आहे का?"

"मग?"

चाचा पोच्यावरून बोट फिरवत राहिले.

"हो म्हणालो. दोन वर्षांची होती, भाऊ. रागात माझाच हात उठला. तिला आठवत नाही."

तेवढ्यात मुलगी कप न्यायला आली. बापाचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना अब्बा. अल्लाची मर्जी."