साहेबांच्या टेबलावरचा फोन

काकूंनी मला वाचवलं, हे आधी सांगते. काकू बेलपाड्याच्या, आमच्या ऑफिसात फोनवर बसणाऱ्या बायकांत सगळ्यात थोरल्या. नात्याने माझ्या कुणी नाहीत. मी गोंदियाकडची, आठवीत शाळा सुटलेली, आणि नवरा सोडला तर इथे माझं म्हणावं असं दुसरं कुणी नाही.

आमची कंपनी खांदा कॉलनीत, एका दुकानाच्या माळ्यावर. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर विकते. ट्रक काट्यावर चढला की पडद्यावर वजन यावं आणि पावती निघावी, एवढंच त्याचं काम. त्याची जुनी आवृत्ती फक्त जुन्या सिस्टीमच्या काँप्युटरवर चालते, आणि अडली की काटेवाले ज्या फोनवर बोंब मारतात तो मी उचलायची. नवीन आवृत्ती सगळी इंग्रजीत. ती मला कुणी शिकवली नव्हती. जुनी बंद झाली की मीही बंद, हा सरळ हिशेब. नवऱ्याची बांधकामाची साइट तेव्हा थांबलेली होती, घर माझ्याच पगारावर.

नवे साहेब आले ते 'लेगसी' हा एकच शब्द घेऊन, म्हणजे जुनं झालेलं, मोडीत काढायचं. चहा सांगावा तसा तो शब्द दिवसभर वापरायचे. एकदा त्यांनी भिंतीवर चित्र दाखवलं. कुठला काँप्युटर इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावतो, त्याचं. नव्या आवृत्तीचे खांब उंच, जुनीची जमिनीलगत एक रेघ. म्हणजे जुनी कुणी वापरतच नाही, तिला पोसायचं कशाला, असा त्यांचा निष्कर्ष. सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी जन्मात काटा पाहिला नव्हता त्यांनी जरा जास्तच.

खरं सांगायचं तर ती आवृत्ती भिकारच. पावती तिरकी छापते, व्हायरस आला की आडवी पडते. पण कुणी वापरत नसेल तर मी दिवसभर बोलत होते कुणाशी?

काकू उठल्या. माझ्या टेबलावरचा फोन वायरीसकट काढला आणि काचेच्या केबिनमध्ये साहेबांसमोर नेऊन ठेवला.

"कोणी वापरत नाय ना साहेब, मग हा वाजणार पण नाय. राहूदे तुमच्याकडं."

साहेब हसले. ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहा यायच्या आत तो वाजला. पळस्प्याचा काटा. पावती निघेना, ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेलेली. साहेबांनी ऐटीत स्पीकर लावला आणि म्हणाले, आधी नेट चालू आहे का बघा.

"कसलं नेट? शेठ वायर घरी घेऊन जातो, मी पिक्चर बघतो म्हणून. सगळ्या काट्यांवर तेच हाय. तू कोण रे? त्या गोंदियाच्या बाईला दे."

साहेबांनी माझ्याकडे न बघता रिसीव्हर पुढे केला. मी काटेवाल्याला प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावायला सांगितली. तो फोन ठेवते तोच दुसरा वाजला. दुपारपर्यंत साहेबांनी फोन केबिनबाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं.

मग ग्रुपवर मेसेज आला. ग्राहकांच्या भावनांचा आदर करून जुनी आवृत्ती पुढील सूचनेपर्यंत सांभाळण्याचं धोरण ठरलं आहे. धोरण म्हणे. खाली सगळ्यांचे अंगठे, तेच माना हलवणारे.

माझी खुर्ची राहिली. पुढे नव्या आवृत्तीच्या ट्रेनिंगला नावं निघाली, त्यात माझं होतं, काकूंचं नव्हतं. साहेब म्हणाले, या वयात त्यांना कशाला त्रास. मला जायला लाज वाटत होती.

"जा गो," काकू म्हणाल्या. "शिकून घे. मी हाय ना फोनवर."

मी शिकतेय, इंग्रजी शब्द मराठीत लिहून घेत. एक दिवस काकूंची खुर्ची काढायचं निघणारच, आणि भिंतीवर पुन्हा चित्र लागेल. त्या दिवशी काकूंचा फोन मी काढीन, वायरीसकट, आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवीन.